उंदीर, पण हाताच्या मापाचा

गेमिंगसाठी माऊस घ्यायला निघालात की खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसतो तो डीपीआयचा आकडा. सोळा हजार, सव्वीस हजार, कधी त्याच्याही पुढे. डीपीआय म्हणजे काय, तर माऊस एक इंच सरकवला की तो संगणकाला किती 'ठोके' पाठवतो. आता जरा गणित करून बघा. तुमचा स्क्रीन आडवा १९२० पिक्सेलचा आहे आणि एका ठोक्याला कर्सर एक पिक्सेल सरकतो असं धरलं, तर २६,००० डीपीआयला पूर्ण स्क्रीन ओलांडायला हात दोन मिलिमीटरसुद्धा हलवावा लागत नाही. शिंक आली तरी कर्सर भिंतीला जाऊन धडकेल. व्यावसायिक खेळाडू आजही बहुतेक करून ४०० ते १६०० च्या दरम्यान खेळतात. मग हा आकडा आला कुठून, आणि तो नाही तर काय बघायचं? ह्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं. माझ्यासारख्या दिवसाचे आठ-नऊ तास कोड आणि रात्री तासभर काउंटर-स्ट्राइक अशी मनगटाची दुहेरी ड्यूटी लावणाऱ्या माणसाला हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कची. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधे डग्लस एंगेलबार्टच्या डोक्यात कल्पना आली आणि बिल इंग्लिश ह्या इंजिनीयरनं १९६४ मधे ती बनवली. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून कुणीतरी माऊस म्हणालं. कोण म्हणालं ते त्यांनाही पुढे आठवेना.

ही वस्तू 'सुचली आणि हिट झाली' अशी नव्हती, हे मला फार आवडतं. नासाच्या पैशावर ह्या लोकांनी रीतसर स्पर्धा लावली. एकीकडे माऊस, दुसरीकडे लाइट पेन, जॉयस्टिक, आणि चक्क टेबलाखाली गुडघ्यानं चालवायचं एक यंत्र. १९६७ मधे निकाल प्रसिद्ध झाले. सरावलेल्या लोकांच्या हातात माऊस सगळ्यात सरस ठरला. पण अगदी नवख्या लोकांच्या हातात (की पायात!) गुडघ्याचं यंत्रही चांगलं चाललं होतं. म्हणजे नवख्याला सोपं ते एक आणि सरावानं उत्तम होतं ते दुसरं, ही फट पहिल्याच परीक्षेत दिसली होती. पुढचा सगळा इतिहास मला ह्याच फटीचा वाटतो.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमधे एंगेलबार्टनं हजारेक लोकांसमोर आपलं प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिलं. नव्वद मिनिटं. माऊस, हायपरलिंक, व्हिडिओवरून एकत्र काम, सगळं त्यात होतं. पण त्या फिल्ममधे त्याचा डावा हात बघा. उजव्या हातात माऊस आणि डाव्या हाताखाली पेटीच्या पट्ट्यांसारखी पाच बटणांची पट्टी. पाच बोटांच्या एकतीस जोडण्या, त्यातून सगळी अक्षरं. नजर स्क्रीनवर, उजवा हात नेम धरतोय, डावा हात हुकूम सोडतोय. हे शिकायला वेळ लागे, आणि एंगेलबार्टचं म्हणणं होतं की लागू दे. सायकल शिकायला नाही का लागत? तीनचाकी सोपी असते म्हणून आपण जन्मभर तीनचाकीवर बसत नाही.

बाजारानं मात्र तीनचाकी निवडली. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत चाकांच्या जागी बॉल आला. (जर्मनीतल्या टेलिफुंकेननं १९६८ मधेच बॉलवाला माऊस काढला होता, स्वतंत्रपणे. त्याचं कुणी नाव घेत नाही, बिचारे.) ॲपलच्या 'लिसा'साठी माऊस करायचा होता तेव्हा होवी-केली नावाच्या डिझाइन कंपनीतल्या पोरांनी पहिला नमुना रोल-ऑन डिओडरंटचा बॉल आणि लोणी ठेवायचं भांडं वापरून जुळवला. झेरॉक्सचा माऊस शेकडो डॉलरचा होता, हा स्वस्तात करायचा होता. बटण एकच ठेवलं, लोक गोंधळू नयेत म्हणून. डाव्या हाताची पट्टी तर कधीच गळून पडली. १९८४ मधे मॅकिन्टॉश आला आणि माऊस घरोघरी जायला लागला. एंगेलबार्टला रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. पेटंट संस्थेच्या नावावर होतं, १९७० मधे मिळालं आणि १९८७ मधे संपलंसुद्धा. खरा धंदा त्यानंतर झाला.

आता गेम्सकडे येऊ.

१९९३ मधे 'डूम' आला तेव्हा खूप लोक तो नुसत्या कीबोर्डवर खेळायचे. बाणांच्या कळांनी वळायचं, कंट्रोल दाबून गोळी. १९९६ मधे 'क्वेक' आला आणि जग खऱ्या अर्थानं त्रिमिती झालं. शत्रू वर असू शकतो, खाली असू शकतो. कीबोर्डनं वळण्याचा वेग ठरलेला, माऊसनं तो तुमच्या हाताइतका. तरी माऊसनं वर-खाली बघण्याची सोय क्वेकमधे आपोआप चालू नव्हती, कन्सोलमधे एमलूकचा हुकूम द्यावा लागे. डेनिस फाँग, म्हणजे 'थ्रेश', हा आधी कीबोर्डवाल्यांपैकीच एक. मग तो माऊसकडे वळला आणि १९९७ मधे अटलांटाच्या ई-थ्री प्रदर्शनात क्वेकची स्पर्धा जिंकून जॉन कारमॅकची लाल फेरारी घेऊन घरी गेला. ह्यापेक्षा मोठी जाहिरात माऊसची कुठल्या कंपनीनं केली नसेल. त्याच्यासोबत डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी वर ठेवायची पद्धतही पसरली. पद्धत त्यानं एकट्यानं शोधली असं नाही, पण जिंकणाऱ्याची नक्कल सगळेच करतात.

उजवा हात नेम धरतोय, डावा हात हुकूम सोडतोय. कुठेतरी बघितलंय ना हे? ऑफिसनं जे टाकून दिलं ते वीसेक वर्षांनी पोरांनी रॉकेट लाँचर चालवायला परत उचललं, आणि तेही कुणी न सांगता.

पण हत्यार कमी पडत होतं. जुन्या सीरियल माऊसचं बघा. १२०० बॉडचा वेग, एका निरोपाला तीन बाइट, म्हणजे सुरुवात-शेवटाचे बिट धरून २७ बिट. सेकंदाला जेमतेम चव्वेचाळीस निरोप. यूएसबी आल्यावर ते १२५ झाले, म्हणजे दर आठ मिलिसेकंदाला एक. गेमर मंडळींनी ड्रायव्हरशी खटपटी करून तो दर वाढवला, आणि कंपन्यांनी पुढे १००० हर्ट्झ हेच प्रमाण केलं. दुसरी भानगड बॉलची. धूळ, केस, हाताचा मळ सगळं आतल्या रोलरवर गुंडाळलं जायचं आणि नखानं खरवडावं लागायचं. कॉलेजच्या लॅबमधे तर बॉलच चोरीला जायचे, तो वेगळा विषय.

१९९९ मधे दोन गोष्टी झाल्या. रेझरनं 'बूमस्लँग' आणला. बूमस्लँग हा आफ्रिकेतला झाडावरचा साप, उंदरांचा काळ. नाव झकास होतं. माऊस बॉलचाच, पण डीपीआय २०००. आकड्यांची शर्यत सुरू झाली ती इथे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं 'इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर' जाहीर केला. पोटात बॉल नाही, एक छोटा कॅमेरा, जो टेबलाचे सेकंदाला १५०० फोटो काढतो आणि एका फोटोतले डाग पुढच्या फोटोत किती सरकले ते मोजतो. ऑप्टिकल माऊस त्याआधीही होते, १९८० च्या सुमाराचे, पण त्यांना रेघा छापलेलं खास पॅड लागे. हा साध्या टेबलावर चालत होता.

कारकुनी कामाला उत्तम. गेमला? थांबा. क्वेक आणि त्याच्या वंशातल्या गेममधे, काउंटर-स्ट्राइकसकट, माऊसच्या एका ठोक्याला नजर ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी इतकी वळते. ४०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी २ असेल तर पूर्ण गिरकी घ्यायला ८१८२ ठोके, म्हणजे साडेवीस इंच, बावन्न सेंटिमीटर! अचूक नेमासाठी चांगले खेळाडू असंच कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळायचे. मागून पावलं वाजली की पाव सेकंदात दहा इंच हात फिरवायचा, म्हणजे सेकंदाला चाळीस इंचाचा वेग. आणि ह्या पहिल्या पिढीच्या कॅमेऱ्याची मर्यादा सेकंदाला बारा-चौदा इंचाच्या आसपास. त्यापुढे दोन फोटोंत एकसारखा डागच सापडेना. परिणाम, शत्रू मागे उभा आणि आपण छताकडे बघतोय.

अचूकतेचा खरा प्रश्न हा होता: जोरात हलवल्यावर माऊस भरकटतो का? त्याला डीपीआय नाही, फोटोंचा वेग लागतो. पुढच्या मॉडेलांत मायक्रोसॉफ्टनं तो सेकंदाला ६००० पर्यंत नेला आणि 'एक्स्प्लोरर ३.०' काउंटर-स्ट्राइकवाल्यांचा लाडका झाला. डीपीआय किती? ४००. शर्यतीतल्या बूमस्लँगच्या एक पंचमांश.

दुसरा शत्रू विंडोजमधेच बसला होता. २००१ च्या एक्सपीमधे पॉइंटर 'जास्त अचूक' करणारा एक चौकोन आपोआप टिक केलेला यायचा. तो चालू असला की हात हळू हलवला तर कर्सर आणखी हळू, जोरात हलवला तर आणखी जोरात. एक्सेलमधे हे सुखाचं, पण खेळणाऱ्याच्या स्नायूंना तीच हालचाल आणि तेच अंतर असा हिशेब लागतो. म्हणून लोक हाफ-लाइफ सुरू करताना ते प्रवेगाचे पॅरामीटर बंद करणारे ऑप्शन टाकायचे. नवख्याला सोपं आणि सरावलेल्याला उपयोगी, तीच जुनी फट. गेमिंग माऊस घेतलाच असेल तर आधी तो चौकोन रिकामा करा. फुकट आहे.

सेन्सरचा प्रश्न मात्र आता जवळजवळ संपलाय. २०१४-१५ च्या सुमाराला पिक्सआर्ट ह्या तैवानी कंपनीचे सेन्सर अशा टप्प्याला पोचले की माणसाचा हात त्यांना भरकटवू शकत नाही. कंपन्यांना विकायला काहीतरी हवं, म्हणून डीपीआय वाढत राहतो. ८००० हर्ट्झवालेही माऊस आलेत. एक मिलिसेकंदाचा अष्टमांश. मला त्यातला फरक कळत नाही, आणि कळतो म्हणणाऱ्या मित्रांची डोळे बांधून परीक्षा घ्यावी असं फार वाटतं. :)

उरतो तो हात. वजनाचीच गंमत बघा. २००५ मधे लॉजिटेकचा जी-५ आला तेव्हा त्याच्यासोबत डबीत छोटी वजनं होती, माऊस छत्तीस ग्रॅमपर्यंत आणखी जड करायला! जड म्हणजे भारी, असा समज. २०१९ मधे ग्लोरियस नावाच्या कंपनीनं माऊसच्या पाठीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडून तो ६७ ग्रॅमवर आणला आणि तो तुफान खपला. कारण सरळ आहे. बावन्न सेंटिमीटरची गिरकी रात्रीतून शेकडो वेळा घ्यायची तर प्रत्येक ग्रॅम मनगट आणि खांदा उचलतात. वायरलेसला तर खेळाडू नाकं मुरडायचे. २०१८ मधे लॉजिटेकचा ऐंशी ग्रॅमचा प्रो वायरलेस आला आणि ते नाकं मुरडणंही थांबत गेलं.

आणि आकार. माऊस धरायच्या ढोबळ तीन तऱ्हा: पूर्ण तळहात टेकवून, बोटं नखांसारखी वाकवून, किंवा फक्त बोटांच्या टोकांनी. तळहात टेकवणाऱ्याला उंच पाठीचा, लांब माऊस लागतो, टोकांनी धरणाऱ्याला छोटा आणि चपटा. उलट झालं की मनगट वाकडं राहू शकतं आणि बोटांना मुंग्या येऊ शकतात. १९९८ च्या आयमॅकबरोबर आलेला गोल माऊस आठवतोय? दिसायला गोजिरवाणा, पण हातात घेतल्यावर वर कुठे आणि खाली कुठे तेच कळायचं नाही. उलट 'एक्स्प्लोरर ३.०' चा अंगठ्याला खोबण असलेला आकार इतका जमून गेला की झोवीनं 'हीटन' ह्या स्वीडिश खेळाडूला घेऊन केलेल्या ईसी मालिकेवर त्याची छाप स्पष्ट दिसते, रेझरच्या २००६ च्या 'डेथॲडर' मधेही. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मधे तोच आकार नव्या पिक्सआर्ट सेन्सरसकट 'प्रो इंटेलिमाऊस' म्हणून परत बाजारात आणला. डावखुऱ्यांसाठी मात्र हे सगळे आकार निरुपयोगी. त्यांनी दोन्हीकडून सारखा असलेला माऊस शोधावा आणि बाजूची बटणं दोन्हीकडे आहेत ना ते बघून घ्यावं.

तेव्हा फूटपट्टी घ्या, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा आणि तो आकडा माऊसच्या लांबी-रुंदीशी ताडून बघा. शक्य असेल तर ऑनलाइन मागवण्याआधी एखाद्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला चक्कर टाका. खोकं फोडायला दुकानदार कुरकुर करतो, पण काउंटरवर मांडलेला पीस हातात धरू देतो. धरताना मांडी घालून किंवा उभ्यानं नको, एक स्टूल मागा आणि कोपर टेबलाच्या उंचीला आणून धरा.