आजीचं मापटं, कमलाबाईंची वाटी

तर झालं असं, की दिवाळीनंतर आमच्या घरातला येसर संपला.

ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या आणि मसाले खरपूस भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. लसणाची फोडणी द्यायची, पाण्यात कालवलेला येसर त्यात ओतायचा, एक दणदणीत उकळी आणायची, की झाली आमटी. मराठवाड्यातली जुन्या वळणाची लग्नं ह्या आमटीवरच जेवली आहेत. आमच्या घरात येसर फक्त आजी करायची. ती गेल्या वैशाखात गेली. तिने केलेला शेवटचा डबा आईने चमच्या-चमच्याने पुरवला, आणि एका रविवारी डब्याचा तळ दिसला.

"तू कर की मग," मी आईला म्हटलं.

"मला कुठं येतो रे? त्या करायच्या, मी निवडून द्यायचे. माप सगळं त्यांच्या हातात."

आमच्या कंपनीत अशी माणसं असतात. सगळी सिस्टीम एकट्याच्या डोक्यात, कागदावर एक ओळ नाही. तो गेला की मागे राहिलेले रात्रभर जुना कोड वाचत बसतात. मीही तेच केलं. माळ्यावर चढलो.

माळ्यावर एका पिशवीत 'रुचिरा' सापडलं. कव्हर गेलेलं, कणा चिकटपट्टीने धरलेला, पानांवर तेलाचे आणि हळदीचे नकाशे. पहिल्या पानावर आजीच्या अक्षरात 'औरंगपुरा, १९७७'. खरं सांगतो, मी आमच्या घरात हे पुस्तक आहे हेच विसरलो होतो. मी ऑफिसच्या कॉलवर असताना मोबाईलवरून जेवण मागवणारा माणूस. पोळी-भाजीचा डबा आईने समोर ठेवला तर "नंतर खातो" म्हणणारा. ते पुस्तक घेऊन मी माळ्याच्या शिडीवरच तासभर बसलो, कारण छापील मजकुरापेक्षा समासच जास्त वाचनीय होता. 'गूळ निम्मा.' 'आपल्याकडे हे गोड लागतं, तिखट दुप्पट.' 'ह्यांना आवडलं.' आणि एका पानावर नुसतंच, 'नको.'

आजीचं गाव पैठण तालुक्यात होतं. होतं म्हणजे आता नाही. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि मधल्या काळात कितीतरी गावं नाथसागराच्या पोटात गेली. त्यातच १९७२ चा दुष्काळ. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, मुलं सुकडीवर जगत होती, रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. (तिची भाकरी कशी लागायची हे विचारलं की आजी फक्त तोंड वाकडं करायची.) त्या सगळ्यातून आजी-आजोबा ह्या शहरात दोन खोल्यांत आले. गावी वाड्यात सासू, जावा, नणंदा, शेजारणी. येसर करायचा तर पाच-सहा बायका एकत्र बसणार. इथे ती एकटी. पंचविशीतली बाई, विचारायला कोणी नाही. म्हणून तिने पुस्तक विकत घेतलं.

इथून मला ह्या पुस्तकांच्या इतिहासाचा नाद लागला. पुढचे चार-पाच वीकेंड त्यातच गेले.

आपल्या भागात खाण्यावर लिहिणं जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा ह्या राजाने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागूनच. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, इडलीची पणजी शोभेल अशी इडरिका आहे, आणि तळलेले उंदीरही आहेत. पण प्रकरणाचं नावच 'अन्नभोग'. म्हणजे लिहिणारा ताटावर बसलेला आहे, चुलीपुढे नाही. तंजावरच्या मराठी राज्यातही तसंच. दुसऱ्या सरफोजीच्या (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातल्या पाककृती मराठीत लिहून ठेवल्या गेल्या, आणि 'शरभेंद्र पाकशास्त्र' ह्या नावाने ते हस्तलिखित सरस्वती महालात टिकलं. राजाकडे लेखनिक होता, म्हणून राजाची भाजी आपल्याला माहीत आहे.

छापखाना आल्यावर चित्र बदललं. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचं 'सूपशास्त्र' निघालं. ते मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक मानतात. (सूप म्हणजे हॉटेलात पहिल्यांदा येतं ते नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे वरण!) मग १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचं 'गृहिणीमित्र', त्यात एक हजार पाकक्रिया. म्हणजे आता चुलीपुढे उभी राहणारी बाई स्वतः लिहायला लागली. पुढे मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने आपल्या समाजाच्या पाककृतींचं 'रसचंद्रिका' काढलं. आणि १९७० साली आलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'.

कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. शिक्षण चौथीपर्यंत. गंमत बघा, कुंडलच्या शेजारच्याच माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला होता. त्या किर्लोस्करवाडीतून आधी नांगर निघाले, मग 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिकं निघाली. आणि साठ वर्षांनी कुंडलच्या लेकीचं पुस्तक किर्लोस्करांनीच छापलं. त्याच्या लाखावर प्रती खपल्या. लोक कमलाबाईंना 'लाखो सुनांची सासू' म्हणायला लागले. ही पदवी नुसती कौतुकाची नाही. ज्या सुनेला नोकरीच्या, बदलीच्या किंवा धरणाच्या पाण्याच्या मागे दूर जावं लागलं आणि जिच्या शेजारी उभं राहून "आता पाणी घाल" म्हणणारं कोणी उरलं नाही, तिला छापील सासू लागणारच.

पण 'रुचिरा' इतकं का चाललं? मला वाटतं, वाटीमुळे.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण हाच माझा आवडता भाग आहे. आपली जुनी धान्याची मापं कोणती? दोन निळव्यांचं एक कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अडशेरी. दोन अडशेऱ्यांची पायली. लक्षात आलं का? प्रत्येक पायरीला दुप्पट. पायलीत निळवी किती? दोनाचा सहावा घात, चौसष्ट! कंप्युटर येण्याच्या कितीतरी आधी आपल्या कोठीघरात बायनरी चालू होती. :)

आणि ती बायनरी उगाच नव्हती. तराजू नसताना धान्याचा ढीग अचूक वाटायचा तर एकच भागाकार डोळ्यांना जमतो, अर्धा. अर्ध्याचा अर्धा. निरक्षर बाईलाही पायलीपासून निळव्यापर्यंत न चुकता जाता येतं. अडचण एकच. ह्या गावचा शेर आणि त्या गावचा शेर सारखा नसायचा. गावात राहिलात तर चिंता नाही, पण पुस्तकात 'एक शेर' छापलं की कुणाचा शेर हा प्रश्न आलाच.

मग स्वातंत्र्यानंतर वजनमापांचा कायदा झाला, १९५६ साली. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम यायला सुरुवात झाली आणि १९६२ मध्ये वजनांसाठी ते सक्तीचे झाले. म्हणजे विचार करा, १९७० साली स्वयंपाकघरात काय गोंधळ असेल! वाण्याच्या दुकानात किलो, सासूच्या तोंडी शेर, आणि घरात तराजू कुणाकडेच नाही. कमलाबाईंनी ह्या भांडणात पडायचंच नाकारलं. त्यांनी माप घेतलं ते घरात असलेल्याच भांड्याचं. वाटी, चमचा. वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, कारण सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले की प्रमाण तेच राहतं. आकडा पुस्तकाचा, वाटी तुमची. चौथी शिकलेल्या बाईने केलेलं हे डिझाइन आहे, आणि त्याला माझा सलाम आहे.

आता दुसरी बाजू. मी ही सगळी नावं एका कागदावर लिहिली आणि त्यासमोर गावं लिहिली. मुंबई, पुणे, सांगली, तंजावर सुद्धा. आमच्या बाजूचं नाव? नाहीच. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत. मराठी शाळेसाठी सरस्वती भुवनसारख्या संस्था लोकांना स्वतः उभ्या कराव्या लागल्या. शहराला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली. जिथे मुलींनी मराठी लिहायला शिकणं हीच लढाई, तिथे पाककृतींचं पुस्तक कोण लिहिणार, आणि कोण छापणार? आमचे धपाटे, सुशीला, शेंगोळे, येसर हातातून हातात गेले. आमच्या शहराचा नान-खलिया घ्या. तो म्हणे मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर दौलताबादला आला. खरं-खोटं काय असेल ते असो, पण तो देगेतून देगेत, उस्तादाकडून शागिर्दाकडे आला, पुस्तकातून नाही.

आणि ह्याच्याही खाली आणखी एक थर आहे. शाहू पाटोळे हे मूळचे धाराशिव जिल्ह्यातले. २०१५ साली त्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं आणि का, ह्याचं हे पुस्तक. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या त्यात आहेत. तूप, दूध, काजू-बदाम ह्यांचा पत्ता नाही, कारण त्या घरांत ते नव्हतंच. ते वाचून मी गप्प झालो. आजीचा येसर कुठेच लिहिलेला नाही म्हणून मी रुसून बसलो होतो. पण आमच्या घरात निदान पुस्तक विकत घेणारी, समासात 'नको' लिहिणारी आजी होती. तिच्याच गावच्या शिवाराच्या पलीकडे राहणाऱ्या घरांतलं शिजवणं १८७५ पासून २०१५ पर्यंत, १४० वर्षं, कुणाला 'पाककृती' वाटलंच नव्हतं. पेन ज्याच्या हातात, त्याचीच चव उरते.

असो. येसराकडे येतो.

'रुचिरा'च्या शेवटच्या पानांत एक घडी घातलेला कागद होता. वर 'येसर'. खाली आजीचं अक्षर: ज्वारी १ मापटं, गहू १ मापटं, हरभरा डाळ १ मापटं, उडीद डाळ १ चिपटं, धने १ चिपटं. मग मिरे, दालचिनी, दगडफूल वगैरे नावं, आणि सगळ्यांपुढे एकच शब्द, 'बेताने'. झालं! पुस्तक वाटीत आणि आजी मापट्यात. आणि मापट्यापुढे वाटी म्हणजे किती, हे कुठेच नाही.

"मापटं तर देवघरात आहे की," आई म्हणाली. "तू रोज बघतोस. उदबत्तीचे पुडे ठेवतो ना आपण त्यात."

पितळेचं ते भांडं मी अठ्ठावीस वर्षं बघत होतो. ते माप आहे हे मला माहीतच नव्हतं! मग आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहिलो. ते घासून पुसून ज्वारीने शिगोशीग भरलं, आणि आमच्या रोजच्या वाटीने मोजलं. साडेतीन वाट्या आणि वर दोन चमचे. आईने दोनदा मोजायला लावलं. गावाचं आता एवढंच उरलं आहे, ते भांडं.

पहिली खेप फसली. धने करपले, सगळं कडू. दुसऱ्या रविवारी आई शेजारी खुर्ची टाकून बसली. मी भाजत होतो आणि ती वासावरून सांगत होती. "थांब. अजून थांब. आता काढ!" 'बेताने' म्हणजे काय हे असं कळलं. प्रत्येक मसाला मी घालण्याआधी चमच्याने मोजला आणि लिहून घेतला. गहू तडतडायला लागला की आणखी दोन मिनिटं, हेही लिहिलं. आई हसत होती. "काहून रे, परीक्षा आहे का?"

आमटी उकळली. आईने वाटीतून एक घोट घेतला, डोळे मिटले.

"जवळ आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या कदाचित थोडं जास्त भाजायच्या."

तेही लिहिलं. आजीच्या कागदाला मागून टाचणी लावून माझा कागद जोडला आहे. वर तारीख, खाली मापटं आणि वाटी दोन्हींत माप, म्हणजे पुढच्या माणसाला देवघर धुंडाळायला नको. 'रुचिरा' आता माळ्यावर नाही, मिक्सरशेजारी आहे. दर रविवारी त्यातलं एक पान करतो. ज्या पानावर 'नको' लिहिलंय ते मुद्दाम करून पाहिलं. आजीचं बरोबर होतं.

भाकरी मात्र मला अजून थापता येत नाही. ती कुठल्याच पुस्तकातून येत नाही म्हणतात. आई म्हणाली, पुढच्या रविवारी शिकवते.