खडकीचे काडतूस आणि नळीचा कंठ

गोळीचा वेग हा काडतुसाचाच गुण होय, अशी समजूत शस्त्रास्त्रांच्या इतिहासावरील लेखनात पुष्कळदा गृहीत धरलेली दिसते. अमुक काडतूस, अमुक वर्ष, अमुक वेग, अशी कोष्टके तयार होतात. परंतु तो वेग ज्या नळीत निर्माण झाला तिचा उल्लेख क्वचितच असतो. प्रस्तुत लेखात या समजुतीची मर्यादा दाखवावयाची आहे.

रायफलीच्या कक्षात काडतूस बसते. त्यापुढे नळीतील पेचदार खाचा सुरू होतात. गोळीचे पूर्ण व्यासाचे अंग आणि खाचांचा आरंभ यांमध्ये काही अंतर असते. कक्षाच्या पुढे खाचाविरहित ठेवलेल्या भागास ‘फ्रीबोअर’ म्हणतात. त्याला आपण ‘मोकळी वाट’ म्हणू. ठासणीच्या बंदुकीत गोळीच्या बाजूने फट असे आणि तीतून वायू निसटून जाई. मोकळ्या वाटेचे कार्य निराळे आहे. तीत गोळी फारसा अडथळा न होता पुढे सरकते, मागील जागा वाढते आणि दाबाचे शिखर खाली येते. धूरविरहित दारूचा जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असल्यामुळे आरंभीचा दाब कमी झाला की जळणेही मंदावते. म्हणून दारू तेवढीच ठेवली तर दाबाबरोबर वेगही काहीसा घटतो. मात्र वाचलेल्या दाबाच्या मर्यादेत दारू वाढविली तर वेग वाढविता येतो. उलटपक्षी, गोळी खाचांना टेकलेली असेल तर त्याच दारूने दाब अधिक चढतो.

खडकी येथे लघुशस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना 1869 मध्ये स्थापन झाला. ते काळ्या दारूचे युग होते. 1889 मध्ये ॲबेल व ड्यूअर यांनी कॉर्डाइट सिद्ध केले आणि नळीच्या कंठाचा प्रश्न तीव्र झाला. पहिल्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होते. त्याच्या अतितप्त वायूंनी ली-मेटफर्ड रायफलीतील उथळ, गोलसर खाचा झपाट्याने झिजत. म्हणून 1895 मध्ये ली-एनफील्डला पाच खोल खाचा देण्यात आल्या. पुढे नव्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन 30 टक्क्यांवर आणले गेले. ही झीज कंठापासून सुरू होते. याचा अर्थ असा की, कारागिराने न ठेवलेली मोकळी वाट प्रत्येक बाराबरोबर थोडी थोडी लांबत जाते. जुन्या आणि नव्या नळीत एकच काडतूस एकच वेग देईल, असे मानता येत नाही.

1910 मध्ये .303 काडतुसाची सातवी आवृत्ती आली. सहाव्या आवृत्तीच्या 215 ग्रेनच्या बोथट गोळीऐवजी 174 ग्रेनची टोकदार गोळी योजली गेली आणि वेग सेकंदाला सुमारे 2,440 फुटांवर गेला. खडकीच्या ‘के एफ’ मुद्रेची अशी काडतुसे पुढे विपुल निघाली. येथे भूमिती ध्यानात घ्यावी. टोकदार गोळी अग्राकडे लवकर निमुळती होते. म्हणून काडतुसाची लांबी सुमारे तेवढीच असता तिचे पूर्ण व्यासाचे अंग खाचांपासून अधिक मागे राहते. नळी न बदलताही गोळीची मोकळी धाव बदलू शकते, ती अशी.

जी गोष्ट येथे झिजेने वा गोळीच्या आकाराने घडली, ती अमेरिकेत रॉय वेदरबी याने हेतुपुरस्सर केली. 1945 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात व्यवसाय आरंभिला. त्याच्या .300 मॅग्नम रायफलीत मोकळी वाट इंचाच्या तृतीयांशाहून अधिक होती. दाब आवरून दारू वाढवावयाची आणि वेग मिळवावयाचा, ही त्यामागील योजना. परंतु अशा कंठासाठी भरलेले काडतूस आखूड कंठाच्या कक्षात उडविल्यास दाब धोक्याच्या पातळीस जाऊ शकतो. शिवाय लांब धावेत गोळी किंचित कलती होऊन खाचांत शिरण्याचा संभव असतो. त्यामुळे नेमबाजीच्या रायफली घडविणारे कारागीर ही वाट बेताचीच ठेवतात.

तेव्हा कोष्टकातील वेगाचा आकडा हा काडतूस आणि नळी या दोहोंचा संयुक्त पुरावा होय. संग्रहालयातील रायफलीचा अभ्यास करणाऱ्याने काडतुसावरील मुद्रा वाचावी, त्याचबरोबर कंठाचे मापही घ्यावे. कागदोपत्रीचा वेग आणि प्रत्यक्ष शस्त्राचा वेग यांत तफावत आढळली, तर दारूच्या प्रतीला वा कारखान्याच्या कामगिरीला दोष देण्यापूर्वी नळीची साक्ष काढणे न्याय्य ठरेल.