सोलापूरचा ऐतिहासिक पायमार्ग : भवानी पेठ ते सिद्धेश्वर तलाव

महाराष्ट्राच्या आग्नेय भागातील सोलापूर शहरात भवानी पेठेपासून भुईकोट किल्ला व सिद्धेश्वर तलावापर्यंत जाणारा, सुमारे तीन किमी. लांबीचा पायी चालण्याजोगा मार्ग. या मार्गाला स्वतंत्र असे रूढ नाव नाही. तथापि रूपाभवानीचे मंदिर, तुळजापूर वेस, मंगळवार पेठ, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि चार हुतात्म्यांचे पुतळे ही स्थळे ओळीने पाहत गेल्यास १८१८ मधील इंग्रज-मराठे युद्धाचा आणि १९३० मधील लष्करी कायद्याचा इतिहास एकाच फेरीत डोळ्यांसमोर उभा राहतो. या दोन प्रसंगांमध्ये एकशेबारा वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात शहराचे भवितव्य किल्ल्याशी बांधलेले होते. दुसऱ्यात ते पेठांतील सामान्य नागरिकांच्या हाती आले. या संक्रमणाच्या खुणा एकमेकींच्या इतक्या निकट आढळणे, हे या मार्गाचे वैशिष्ट्य होय.

भूस्वरूप व निसर्ग : सोलापूरचा परिसर भीमा व तिची उपनदी सीना यांच्या खोऱ्यात मोडतो. सीना नदी शहराच्या पश्चिमेकडून वाहत जाऊन पुढे भीमेस मिळते. प्रदेश सपाट व उघडा, जमीन कोठे काळी व खोल तर कोठे मुरमाड, पाऊस बेभरवशाचा आणि उन्हाळा अत्यंत कडक आहे. शत्रूला अडविण्याजोगा डोंगर किंवा घाट जवळपास नसल्याने येथे गिरिदुर्ग बांधणे शक्य नव्हते. संरक्षणाचा आधार म्हणजे दगडी तट आणि पाणी. अवर्षणग्रस्त प्रदेशात पाणी ज्याच्या ताब्यात, त्याच्याच सैन्याला उन्हाळ्यात टिकाव धरता येई. म्हणून येथील तलाव हा केवळ सौंदर्याचा विषय नसून लष्करी इतिहासाचाही घटक ठरतो. शहराच्या उत्तरेस सुमारे ८ किमी. अंतरावर, तुळजापूरच्या बाजूस, अदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव (१८६६–७१) आहे. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. ओढ्यांच्या काठी पूर्वी शिंदीची झाडे विपुल होती. या झाडांना १९३० च्या घटनांत अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले.

किल्ल्यासाठी संघर्ष : सोलापूरच्या भुईकोटाची मूळ उभारणी बहमनी काळातील मानली जाते. बहमनी राज्याच्या विघटनानंतर हे स्थळ विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर आले आणि दोन्ही घराण्यांतील दीर्घकालीन वैराचे कारण बनले. इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशाहाशी १५२४ मध्ये झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. ते प्रत्यक्षात न दिल्यामुळे युद्धांची मालिका सुरू झाली आणि किल्ला आलटून पालटून दोन्ही पक्षांकडे गेला. पुढे हुसेन निजामशाहाची कन्या चांदबीबी हिचा विवाह अली आदिलशाहाशी होऊन सोलापूर पुन्हा आंदणात विजापूरकडे आले. या सोयरिकीने दोन्ही सत्तांचा समेट झाला व राक्षस-तागडीच्या लढाईत (१५६५) त्या विजयानगरविरुद्ध एकत्र उतरू शकल्या. १६६८ च्या तहाने किल्ला मोगलांना मिळाला. विजापूरवरील अखेरच्या मोहिमेच्या वेळी १६८५ मध्ये औरंगजेबाची छावणी सोलापुरास होती. विजापूर १६८६ मध्ये पडले. अठराव्या शतकात हा प्रदेश निजामाकडून अखेरीस पेशव्यांच्या अंमलाखाली आला.

किल्ल्याभोवती दुहेरी तट असून बाहेरच्या तटापेक्षा आतील तट उंच आहे. दोन्ही तटांना बुरूज आहेत. तलावाची बाजू सोडून इतरत्र रुंद खंदक खोदलेला होता. पूर्वेच्या अंगास सिद्धेश्वर तलावानेच खंदकाचे काम केले. आत प्राचीन मंदिराचे अवशेष व अनेक स्तंभांची मशीद आहे. एकाच वास्तूत इतक्या राजवटींचे थर साठलेले असल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील या किल्ल्याचे महत्त्व निव्वळ लष्करी स्वरूपाचे राहिलेले नाही.

१८१८ चा वेढा : फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. दुसऱ्या बाजीरावाची भटकंती चालू असली, तरी त्याचे पायदळ व तोफखाना सोलापुरास किल्ल्याच्या आश्रयाने उभा होता. पेशव्यांच्या तोफखान्याची वंशपरंपरा चालविणाऱ्या पानसे घराण्यातील गणपतराव पानसे यांच्याकडे या फौजेचे नेतृत्व होते. तीत अरब शिपायांचा भरणा मोठा होता. दक्षिणेकडून बदामी, बागलकोट इ. ठिकाणे घेत आलेला टॉमस मन्रो व त्यास मिळालेला ब्रिगेडिअर जनरल प्रिट्झलर हे ९ मे रोजी सोलापूरसमोर दाखल झाले. तहाचा निरोप घेऊन गेलेला कंपनीचा एक देशी सुभेदार तटाखाली मारला गेला, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात.

या वेढ्यातील निर्णायक चकमक किल्ल्याच्या तटावर घडली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वेळी पेठेलाही स्वतंत्र तट होता. १० मे रोजी पहाटे शिड्या लावून इंग्रज फौजेने पेठेचा तट चढून घेतला. प्रतिकारासाठी गणपतराव तोफा घेऊन पूर्वेच्या बाजूने मोकळ्या मैदानात आले. दारूगोळ्याच्या एका गाड्याचा स्फोट होऊन त्यांच्या फळीत गोंधळ उडाला, स्वतः गणपतराव जखमी झाले व काही तोफा गमवाव्या लागल्या. त्याच दिवशी त्यांचे पायदळ किल्ला सोडून सीनेच्या दिशेने निघाले असता इंग्रज घोडदळाने त्याचा पाठलाग केला. सपाट व आडोसा नसलेल्या मुलखात पळणाऱ्या पायदळास घोडदळापासून बचावाचे साधन नव्हते. शेकडो सैनिक या पाठलागात मारले गेले. वेढ्यातील सर्वांत मोठी मनुष्यहानी हीच होय. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून संख्या शंभराच्या आत होती. त्यानंतर तोफांचा मोर्चा लावून तटास खिंडार पाडण्यात आले आणि १५ मे रोजी किल्ल्याने शरणागती पत्करली. पुढे तीनच आठवड्यांत, ३ जून रोजी, बाजीराव मॅल्कमच्या स्वाधीन झाला.

किल्ला जिंकणाऱ्यांची व हरणाऱ्या सेनापतीची नावे इतिहासग्रंथांत नमूद आहेत. सीनेच्या वाटेवर पडलेल्या शिपायांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत. पेठेचा तट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या वाढीसाठी पाडण्यात आला. तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस ही स्थलनामेच काय ती त्या वेशींची आठवण देतात.

भवानी पेठ व १९३० चा उठाव : १८७४ मध्ये मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कापडगिरणीमुळे सोलापूरचे स्वरूप पालटले. गिरणी कामगार, तसेच तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांची वस्ती वाढली आणि भवानी पेठ व तिच्या आसपासच्या पूर्वेकडील पेठा हातमागांच्या व पुढे यंत्रमागांच्या आवाजाने गजबजल्या. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारे लोक एकमेकांशेजारी राहत असल्याने राष्ट्रीय चळवळीलाही येथे बहुभाषी रूप आले.

मिठाच्या सत्याग्रहात महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाली. ही वार्ता येताच सोलापुरात हरताळ पडला. सरकारच्या अबकारी उत्पन्नास धक्का देण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे हा त्या काळातील चळवळीचा एक मान्य कार्यक्रम होता. मादक पेयांना असलेला विरोध आणि सरकारी महसुलाचा बहिष्कार हे दोन्ही हेतू त्यातून साधत. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात जमलेल्या लोकांनी शिंदीची झाडे तोडली. पोलिसांनी काहींना पकडले. त्यांच्या सुटकेसाठी जमाव अडून बसला. जिल्हाधिकारी नाईट तेथे उपस्थित होते. परिस्थिती हाताबाहेर जाऊन गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. सोलापूरच्या त्या लढ्यातील तो पहिला हुतात्मा होय.

गोळीबाराची बातमी पसरताच संतप्त जमाव शहराकडे वळला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला होऊन पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीस आग लावण्यात आली. पोलिसांच्या गोळीबारात आणखी नागरिकांचे बळी पडले. यानंतर पोलीस शहरातून काढून घेण्यात आले आणि ९ ते ११ मे या तीन दिवसांत सरकारी अंमल जवळजवळ संपुष्टात आला. या काळात रहदारी व शांतता राखण्याचे काम काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी केले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला व तो ३० जूनपर्यंत चालू राहिला. राष्ट्रध्वज लावणे वा जवळ बाळगणे हाही शिक्षेस पात्र अपराध ठरला. शत्रूच्या वेढ्याने १८१८ मध्ये जे घडले, त्यासारखीच अवस्था शहराने आपल्याच शासनाच्या हुकमाने सुमारे सात आठवडे भोगली.

चार हुतात्मे : चौकीतील पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांच्यावर खटला भरण्यात आला. धनशेट्टी हे लोकांत वजन असलेले कार्यकर्ते, सारडा व्यापारी समाजातील, कुर्बान हुसेन हे गझनफर या पत्राचे संपादक व कामगारांचे पुढारी, तर शिंदे हे तरुण स्वयंसेवक होते. हत्येत त्यांचा प्रत्यक्ष हात नव्हता, चळवळीच्या पुढाऱ्यांना धडा शिकविण्याच्या हेतूने त्यांची निवड झाली, अशी भावना तेव्हापासून दृढ आहे. फाशी रद्द व्हावी यासाठी झालेले प्रयत्न निष्फळ ठरले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना एकाच दिवशी फाशी देण्यात आली. लिंगायत, मारवाडी, मुसलमान व मराठा अशा चार समाजांतील हे चौघे शहराच्या एकजुटीचे प्रतीक मानले जातात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. चौकीतील मृत पोलीस हेही याच मातीतील सामान्य नोकरदार होते आणि त्यांचा मृत्यू क्रूर होता. काँग्रेसच्या अहिंसेच्या भूमिकेत तो बसणारा नव्हता. परंतु त्या कृत्याचे मूळ सकाळच्या गोळीबारात होते. १९३० च्या सोलापूरचा विचार करताना ही साखळी तोडून एकाच दुव्यावर बोट ठेवणे इतिहासास धरून होत नाही.

मार्गाचे वर्णन : फेरीचा आरंभ रूपाभवानीच्या मंदिरापासून करणे सोयीचे ठरते. नवरात्रात येथे भाविकांची मोठी गर्दी असते. शिंदीच्या बनांच्या जागी आता रस्ते व वस्ती आहे. तेथून तुळजापूर वेशीकडे येताना विणकरवस्तीचा भाग लागतो. ८ मे रोजी जमाव साधारणतः याच दिशेने शहरात शिरला. मंगळवार पेठ हे जुन्या बाजाराचे ठिकाण. पुढे दक्षिणेस किल्ल्याचे बुरूज दिसू लागतात. तटाच्या पायथ्याशी उभे राहिल्यास पेठ व किल्ला यांतील अंतर किती थोडे आहे, हे ध्यानात येते आणि पेठ पडल्यावर किल्ल्याचा टिकाव का लागला नाही, याचा उलगडा होतो. पलीकडे सिद्धेश्वर तलाव असून त्यात बेटासारख्या जागी ग्रामदैवत सिद्धेश्वराचे मंदिर आहे. तलावाची निर्मिती बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याकडे दिली जाते. सकाळच्या वेळी बुरुजांचे प्रतिबिंब, पाणपक्षी व मंदिराचे शिखर यांमुळे हा भाग विशेष रम्य दिसतो. जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे उभारलेले आहेत; फेरीची सांगता तेथे करता येते.

मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते व नंदीध्वजांची मिरवणूक निघते. चौघांच्या फाशीची बातमी १९३१ मध्ये याच यात्रेच्या तोंडावर शहरात आली. तेव्हापासून हुतात्म्यांचे स्मरण व ग्रामदैवताचा उत्सव हे दोन्ही प्रसंग दरवर्षी एकाच आठवड्यात येतात. सणाच्या दिवसांची ही सांगड कोणी ठरवून घातलेली नाही. १८१८ मध्ये सीनेच्या मैदानात पडलेल्या शिपायांना असा स्मरणदिन लाभला नाही, कारण त्यांची नावे जपणारी पेठ त्यांच्यामागे नव्हती. १९३० च्या हुतात्म्यांना ती लाभली.