फवारणीचे औषध अंगावर सांडल्यास : शरीर, कपडे आणि पंप कसे स्वच्छ करावेत?

कीटकनाशक पोटात गेले तरच विषबाधा होते, हा गैरसमज आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे त्वचेतून, डोळ्यांतून आणि श्वासावाटेही शरीरात जातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. औषधाने भिजलेले कपडे अंगावर असेपर्यंत विष शरीरात जातच राहते. म्हणून पहिली काही मिनिटे महत्त्वाची असतात.

लगेच काय करावे?

1. रुग्णाला फवारणीच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत न्या. 108 वर फोन करा.
2. मदत करणाऱ्याने जाड रबरी हातमोजे घालावेत. नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.
3. सर्व कपडे, चपला, करदोटा, घड्याळ काढा. शर्ट डोक्यावरून ओढू नका, कापून काढा.
4. साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने अंग धुवा. केस, कानांमागे, काखा, जांघा आणि नखांखालची जागा विसरू नका. त्वचा खरखरीत घासू नका, गरम पाणी वापरू नका. त्याने शोषण वाढते. औषध भुकटीचे असेल तर आधी ती अलगद झटका.
5. डोळ्यांत गेले असल्यास पापण्या उघड्या धरून 15 ते 20 मिनिटे स्वच्छ पाणी सोडा.

श्वास घ्यायला त्रास होत असेल, झटके येत असतील किंवा रुग्ण बेशुद्ध असेल, तर कपडे काढून शक्य तितके धुवा. मात्र आंघोळीसाठी रुग्णालयात नेणे लांबवू नका.

काय करू नये?

उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका. बरे वाटते म्हणून घरी थांबू नका. काही वेळा लक्षणे काही तासांनी दिसतात. खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक होणे, उलट्या, जुलाब, स्नायू फडफडणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

रुग्णालयात जाताना

औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. लेबलवरील त्रिकोण लाल असेल तर औषध अतिशय विषारी असते. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा क्रम लागतो. काढलेले कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून ठेवा. रुग्णालयात पुन्हा अंग धुतले जाऊ शकते. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिन हे प्रमुख औषध आहे, पण ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

कपडे आणि पंप

- मूळ, पाणी न मिसळलेल्या औषधाने भिजलेले कपडे पुन्हा वापरू नका. चामड्याच्या चपलांतले औषध धुऊन निघत नाही, त्याही टाकून द्या.
- बाकी कपडे हातमोजे घालून, घरच्या कपड्यांपासून वेगळे, गरम पाणी व डिटर्जंटने दोनदा धुवा आणि उन्हात वाळवा.
- पंप तीन वेळा खळखळून धुवा. ते पाणी विहीर, ओढा किंवा गुरांच्या हौदाजवळ न टाकता फवारलेल्या पिकावरच फवारा. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका.
- रिकामे डबे तीनदा धुऊन भोके पाडा. त्यांत पाणी, तेल किंवा धान्य कधीही भरू नका.

घरातल्या प्रत्येकाला हा क्रम माहीत असू द्या. फवारणीच्या दिवसांत साबण आणि पाण्याने भरलेला ड्रम बांधावर ठेवा.