लॅमिंग्टन रोडची किफायत

मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा, गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी टिकवून कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालेला हा रस्ता, जुन्या संगणकावर नवे खेळ चालावेत अशी उत्कट इच्छा आणि तुटपुंजी ऐपत असलेल्यांचे तीर्थच होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला आणि काटकसरीला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली: त्याचा गुणक ४.५ कायम असल्यामुळे, मदरबोर्डवरील बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की तोच स्वस्त जिन्नस बहुधा ४५० वर चाले, आणि १२८ किलोबाइटांची कॅश प्रोसेसरच्याच वेगाने धावत असल्याने कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंक्तीला बसे. मग संगणक जोडताना जुन्या रॅमचे काळवंडलेले सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसावेत, पट्टी खाचेत दाबावी, दोन्ही खिट्ट्या टक्‌कन मिटाव्यात, आणि काळ्या पडद्यावर ४५० हा आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून धरावा.