शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन मृत्युदाखला कसा शोधावा?

मुलांच्या शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प आला, की आपल्यापैकी ज्यांचे सासर अमेरिकन आहे त्यांची पणजोबांच्या तारखांसाठी धावपळ सुरू होते. "अमेरिकेत काय, सगळे ऑनलाइन असते" असे समजून बसलात, तर निराशा ठरलेली. म्हणून ही थोडी माहिती.

१) आधी राज्य, मग नाव: येथे मृत्यूची नोंद केंद्र सरकार नव्हे, राज्ये ठेवतात. राज्यभर नोंदणी मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून, कॅलिफोर्नियात १९०५, पेनसिल्व्हेनियात १९०६, मिसुरीत १९१०, तर जॉर्जियात १९१९ पासून सुरू झाली. त्याआधीची नोंद असलीच तर काउंटीच्या किंवा शहराच्या दप्तरात सापडते. न्यूयॉर्क शहराचे जुने दाखले राज्याकडे नसून शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्हजकडे आहेत.

२) वर्ष माहीत नसल्यास: जनगणना पाहा. माणूस १९१० च्या यादीत आहे आणि १९२० मध्ये पत्नीपुढे 'विधवा' लिहिले आहे, म्हणजे शोध दहा वर्षांवर आला.

३) कुठे शोधावे: फॅमिलीसर्च ही साइट मोफत आहे, फक्त खाते उघडावे लागते. मिसुरी राज्य आणि न्यूयॉर्क शहर जुन्या दाखल्यांची छायाचित्रेही मोफत दाखवतात. कारकून कानावर पडेल तसे नाव लिहीत. त्यामुळे स्पेलिंग बदलून, शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तारांकन टाकून पाहा. सोशल सिक्युरिटीच्या मृत्युसूचीत मुख्यतः १९६२ नंतरच्या नोंदी आहेत, तिथे वेळ घालवू नका.

४) दाखला नाहीच मिळाला तर: चर्चची दफननोंद, दफनभूमीचे रजिस्टर, मृत्युपत्राची कोर्टातील कागदपत्रे आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातील जुनी वर्तमानपत्रे चाळा.

५) 'माहिती देणारा' हा रकाना जरूर वाचा: मृत्यूची तारीख आणि कारण सहसा डॉक्टरांनी लिहिलेले असते. पण जन्मगाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव हे सारे त्या माणसाने सांगितलेले. तो मुलगा असेल, जावई असेल, नाहीतर नुसती घरमालकीण. म्हणून आई-वडिलांची नावे दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय वंशवृक्षात पक्की करू नका. एक चुकीचे आडनाव पुढच्या सगळ्या पिढ्यांना भलत्याच घराण्यात नेऊन सोडते.

आणि घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर आधी त्यांना विचारा. दप्तरे थांबतील, माणसे थांबत नाहीत.