हत्तीवरच्या दोन बहिणी

राजकन्या म्हटलं, की महालात बसून वाट पाहणारी मुलगी आपल्या डोळ्यांपुढे येते. व्हिएतनामच्या लोकचित्रांतली राजकन्या मात्र हत्तीवर बसून शत्रूचा पाठलाग करते. सोबत दुसऱ्या हत्तीवर तिची धाकटी बहीण असते. थोरली त्रुंग त्राक, धाकटी त्रुंग न्ही. थोरलीने तलवार का उचलली, याची आज थोडी चौकशी करू या.

दंतकथेचं उत्तर सरळ आहे. उत्तर व्हिएतनामातल्या लाल नदीच्या खोऱ्यावर तेव्हा चीनच्या हान घराण्याची सत्ता होती. सू दिंग नावाच्या जुलमी सुभेदाराने त्राकच्या नवऱ्याला ठार केलं. त्याचा सूड घ्यायला इसवी सन ४० मध्ये दोघी बहिणी उठल्या. पासष्ट ठाणी त्यांच्या हाती आली, सुभेदार पळाला आणि त्राक राणी झाली.

या बंडाची जुनी लेखी हकिकत मात्र शत्रूच्या घरची आहे. हान घराण्याचा जो इतिहास चीनमध्ये पाचव्या शतकात लिहिला गेला, त्यात त्राकची ओळख मे लिन्हच्या सरदाराची मुलगी अशी आहे. नवऱ्याचा उल्लेख आहे, त्याच्या खुनाचा नाही. सुभेदाराने तिला कायद्याच्या कचाट्यात धरलं, ती संतापली, म्हणून तिने बंड केलं, एवढंच तिथे म्हटलं आहे.

गंमत पाहा. शत्रूने तिचा संताप तिचाच ठेवला. दंतकथेने तिला हत्ती दिला, राणीपणाचा मान दिला. पण लढण्याचं कारण नवऱ्याकडे नेलं. स्वतःच्या अपमानापायी पेटून उठलेली बाई पुढच्या पिढ्यांना तेवढ्यावर पटली नसावी.

शेवटाचंही तसंच. इसवी सन ४३ मध्ये सेनापती मा युआनने बंड मोडलं. चिनी इतिहास म्हणतो, दोघींची मुंडकी राजधानीला गेली. व्हिएतनामी कथा म्हणते, शरण न जाता त्यांनी हाट नदीत उडी घेतली. इथे मात्र दंतकथेचा राग येत नाही. हरलेल्यांना आपल्या माणसांचं मरण तरी आपल्या मनासारखं सांगायचं असतं.

हाट मोनच्या त्यांच्या देवळात लाल रंग वर्ज्य मानतात. तो रक्ताची आठवण करून देतो म्हणून. पुढे कधी हनोईला गेलात, तर त्या दोघींच्या नावाचा रस्ता लागेल. तिथे त्यांना दंडवत घालताना त्राकचा तो स्वतःचा रागही आठवा.